नऊ रात्रींचा मुक्काम : हॉस्पिसमधल्या एका 'विसाव्या'चं प्रकरण

आमचं केंद्र हॉस्पिस आहे, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करत त्याची काळजी घेण्याची जागा. इथे रुग्ण दाखल करताना एक छापील अर्ज भरतात. त्यात 'कारण' या रकान्यात 'रेस्पाइट', म्हणजे घरी काळजी घेणाऱ्याला उसंत, अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढे तीन चौकटी : काळजी घेणारी व्यक्ती आजारी, परगावी, थकलेली. ज्या काकूंबद्दल लिहिते आहे त्यांच्या अर्जावर दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीत खूण आहे. अर्ज माझ्याच अक्षरात आहे. समाजसेविका म्हणून दाखल करण्याआधीची मुलाखतही मीच घेतली होती, सुनेची आणि मुलाची. काकूंची घेतली नव्हती. पुढे जे घडलं त्याची सुरुवात तिथे आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरची परिस्थिती

काकू ६४ वर्षांच्या. मूळच्या फलटण तालुक्यातल्या, लग्नानंतर पुण्यात आल्या. नवरा लवकर गेला. पंचवीसेक वर्षं विद्यार्थ्यांचे डबे करून संसार ओढला. ऐन भरात रोज चाळीस डबे जायचे, असं त्या सांगत. सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन, केमो. मधली चार-साडेचार वर्षं बरी गेली. मग कंबर धरली. संधिवात समजून काही महिने निघाले आणि शेवटी स्कॅनमध्ये मणका आणि खुब्याच्या हाडात आजार पसरलेला दिसला. खुब्याला एकदा रेडिएशन झालं, आमच्या पेशंटांच्या भाषेत 'शेक'. त्यानंतर मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी. आधाराने चार पावलं चालत, पण जिना उतरणं बंद. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

घरात मुलगा, सून, दहावीतला नातू. मुलगा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, पाळी बदलती. सून घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. काकूंचं सगळं तिच्याकडे. रात्री दोनच्या गोळीसाठी तिने मोबाइलवर गजर लावला होता आणि तो चार महिने रोज वाजत होता. दोनला उठायचं, गोळी द्यायची, कमोडच्या खुर्चीवर बसवायचं, पाय चोळायचे, आणि जरा डोळा लागतोय तोवर पाचला नळाला पाणी. झोप किती होते, असं मी विचारलं तेव्हा ती हसली. "ताई, मला आता मशीनवर बसल्या बसल्या झोप लागते. परवा बोटातून सुई गेली." डाव्या तर्जनीच्या नखाखाली काळानिळा ठिपका होता. काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजायची झारिट नावाची प्रश्नावली आहे, २२ प्रश्न, जास्तीत जास्त ८८ गुण. तिचे ५८ आले. ते नख पाहिल्यावर आकड्याची तशी गरज नव्हती.

तिच्या वडिलांचं वर्षश्राद्ध बीडकडच्या गावी होतं. वडील गेले तेव्हा ती एका दिवसात जाऊन परत आली होती. या खेपेला तिला माहेरी आठ दिवस हवे होते. आमच्याकडे रुग्णासोबत घरचं एक माणूस राहावं असा नियम आहे. तो इथेही लावला तर मग रेस्पाइट कसला? म्हणून वरिष्ठांशी बोलून तो सैल करून घेतला. नऊ रात्री मंजूर झाल्या. मी स्वतःवर खूश होते.

रेस्पाइट म्हणजे घरी काळजी घेणाऱ्या माणसाला उसंत मिळावी म्हणून रुग्णाला थोड्या दिवसांपुरतं हॉस्पिसमध्ये ठेवणं. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या हॉस्पिस योजनेत ते एका वेळी सलग ५ दिवसांपर्यंत मिळतं, नियमात लिहिलेलं आहे. आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे रुग्णाला पैसे पडत नाहीत. तरीही हॉस्पिस म्हटलं की घरोघरी एकच अर्थ निघतो : आता संपलं. तिथे नऊ दिवस राहून माणूस परत घरी येतो हे मुलाला समजावता समजावता माझा अर्धा तास गेला होता. त्याने ते आईला कसं सांगितलं, हे मात्र मी विचारलं नाही.

पहिली रात्र

त्याने सांगितलं होतं, "दोन दिवस तपासणी आहे."

शेजारच्या दोन पोरांनी खुर्चीत बसवून काकूंना जिन्यावरून उतरवलं. केंद्रावर आल्यावर मुलाने सह्या केल्या, आईच्या पाया पडला आणि दुपारच्या पाळीला गेला. सून आत आलीच नाही. फाटकाशी थांबली आणि तिथूनच गेली. मला वाटलं, एसटीची घाई असेल.

वॉर्डातल्या मावशी पुढे झाल्या. "या आजी, विसाव्याला आलात ना?"

आमच्या मावश्यांनी रेस्पाइटचा 'विसावा' करून टाकला आहे. शब्द गोड आहे, आम्हीही वापरतो. काकूंना तो निराळाच ऐकू आला. अंत्ययात्रा निघाली की स्मशानाच्या वाटेवर तिरडी एकदा खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात; त्या जागेलाही विसावाच म्हणतात. त्यांच्या गावाला ओढ्याच्या अलीकडे त्याचा दगड आहे. मुलगा निघून गेलेला, सून फाटकातून परतलेली, शेजारच्या खाटेवर एक बाई डोळे मिटून, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि वर हे स्वागत.

त्या रात्री त्या झोपल्या नाहीत. पिशवी मांडीवर, तिची चेन लावलेली. चपला खाटेखाली न ठेवता उशाशी. जेवण नाही. दोनची गोळी त्यांनी परत केली. सकाळी रात्रपाळीच्या वहीत मी वाचलं : 'रुग्ण सहकार्य करत नाही.' हे वाक्य कोणत्याही दवाखान्यातल्या वहीत सापडेल. ते लिहिणाऱ्याने रुग्णाला काही विचारलं होतं का, एवढं मात्र त्यावरून कधी कळत नाही.

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी थेट विचारलं, "किती दिवसांची सही केलीय पोरानं?"

"नऊ रात्रींची, काकू."

"आणि मग?"

"मग घरी. सूनबाई न्यायला येणार."

"खरं सांगताय, का तुमचीपण तपासणीच?"

मी अर्ज आणून दाखवला. घरी सोडण्याची तारीख त्यांनी बोट ठेवून वाचली, वार विचारला. मग सुनेला फोन लावला, स्पीकरवर. ती माहेरी पोचली होती. आवाज ऐकताच रडायला लागली. "आई, मी यांना म्हटलं होतं, खरं सांगा म्हणून. माझ्याच्यानं खोटं बोलवेना म्हणून मी आत आले नाही." काकू जराशा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वडे तू कर. तुझ्या वहिनीचे तेल पितात." संभाषण तिथून श्राद्धाच्या स्वयंपाकावर गेलं. मी उठून मावशींना चहा सांगितला.

चहा घेऊन मावशी आल्या त्या जराशा ओशाळूनच. त्यांनी दोनदा वारी केलेली आहे. "अहो आजी, मी पालखीचा विसावा म्हणत होते हो." आता काकू तरडगावच्या बाजूच्या, माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला, मग फलटणला जाते, त्या वाटेवर वाढलेल्या. लहानपणी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढलेली. त्यांनी मावशींची चूक काढली. "पालखी दिवसा टेकते तो विसावा. रात्री राहते तो मुक्काम. नऊ रात्री म्हणजे मुक्काम झाला." त्यानंतर वॉर्डात सगळे 'मुक्काम' म्हणू लागले. पिशवीची चेन उघडली ती दुपारच्या जेवणाला.

पाणी

दुसऱ्या दिवशी तपासणीत कळलं की सहा दिवस शौचाला झालेलं नाही. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठ होतंच, म्हणून त्याच्या जोडीला रेचक देतात, तेही चालू होतं. तरी ही अवस्था. एनिमा दिला, रेचकाचं प्रमाण वाढवलं. पाणी किती पिता, असं डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर आलं, "फारसं लागतच नाही मला."

तिसऱ्या दिवशी मावशी माझ्याकडे आल्या, अर्धी तक्रार आणि अर्धं कौतुक घेऊन. "त्या मुक्कामवाल्या आजी रात्री चारदा बेल वाजवतात. पाणी मागतात, मग भांडं मागतात, परत पाणी मागतात." मी काकूंना सहज म्हटलं, इकडे बरीच तहान लागते वाटतं. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांना खुर्चीत बसवलं होतं, मेथी निवडत होत्या. तिथे आपणहून बोलल्या. पानं खुडत, माझ्याकडे न बघता.

घरी दुपारी चारनंतर पाणी बंद. गोळीपुरता घोट. "प्यायलं की रात्री उठावं लागतं. उठावं लागलं की तिला हाक मारावी लागते. दोनला ती उठतेच गोळीला, त्यात एकदा होऊन जातं. परत कसं उठवायचं? दिवसभर मशीन मारते ती." जेवणही त्यांनी त्याच हिशेबाने उतरवलं होतं. पोटात कमी गेलं तर खुर्चीवर कमी बसवावं लागेल. दुखतं का म्हटलं की "बरंय" म्हणायचं, कारण दुखतं म्हटलं तर ती पाय चोळत बसेल. पंचवीस वर्षं कुणाला किती पोळ्या याचं गणित तोंडपाठ असलेल्या बाईने आता स्वतःच्या घोटांचं गणित मांडलं होतं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

"मग इथे?" मी विचारलं.

"इथं मावशींची ड्यूटी आहे. पगार आहे त्यांना. त्यांना उठवताना मला काय वाटत नाही." मावशी मागेच उभ्या होत्या, त्या मोठ्याने हसल्या. काकूंनी ते कुणाला लागेल असं म्हटलंच नव्हतं.

आता मागे वळून त्यांची फाइल वाचली की साखळी स्पष्ट दिसते. पाणी कमी, त्यात मॉर्फिन, म्हणून मळाचे खडे, त्याने मळमळ, मळमळीने अन्नावरची वासना गेलेली, त्याने अशक्तपणा. आमच्या घरभेटीच्या नोंदीत मात्र लिहिलेलं आहे, 'आजारामुळे भूक मंदावली.' पोट साफ झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी भात-आमटी मागून घेतली, आणि आमटीला फोडणी मेली आहे असा निरोप आत पाठवला.

वेदनेचंही तसंच. शून्य ते दहाच्या मापावर घरी त्या कायम 'तीन' सांगत. इथे सिस्टरने पडून असताना किती आणि कूस बदलताना किती असं वेगवेगळं विचारलं. पडून तीन, वळताना सात. हाडातल्या आजारात हे नेहमीचं आहे, पण प्रश्न तोडून विचारला नाही तर उत्तर सापडत नाही. डॉक्टरांनी दर वेळची मात्रा १० वरून १५ मिलिग्रॅम केली, आणि अंग पुसायच्या अर्धा तास आधी एक जादा गोळी ठेवली.

राहिला तो रात्री दोनचा गजर. साध्या मॉर्फिनच्या गोळ्या चार तासांनी द्याव्या लागतात हे खरं, पण रात्री झोपताना दुप्पट मात्रा देऊन मधली दोनची वेळ गाळायची, ही पॅलिएटिव्ह केअरमधली, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारांतली, जुनी, रुळलेली पद्धत आहे. डॉक्टर रुग्णाची प्रकृती पाहून ठरवतात. काकूंना ती चालण्यासारखी होती आणि चालली. म्हणजे तो गजर चार महिने विनाकारण वाजत होता. कुठल्यातरी कागदावर हे लिहिलेलं असेलही, सुनेला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या घरी दोनदा गेले होते. गजराबद्दल ऐकलं होतं, 'झोप अपुरी' असं वहीत लिहिलं होतं, चहा पिऊन निघाले होते.

लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसच्या संस्थापक सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेचा विचार शरीरापुरता न ठेवता त्यात मन, नातीगोती, श्रद्धा हे सगळं धरलं. हे आम्ही प्रशिक्षणात शिकतो, तक्ता काढून शिकवतोही. तरी आमच्या अर्जाप्रमाणे रेस्पाइट ही काळजी घेणाऱ्याची सुटी आहे. काकूंनाही सुटी हवी होती : आपल्यापायी कुणीतरी झिजतंय हे चोवीस तास डोळ्यांपुढे दिसण्यापासून. त्यांच्या भाराची प्रश्नावली आमच्या फाइलमध्ये नव्हती.

पाचवी रात्र

शेजारच्या खाटेवरच्या बाई पाचव्या रात्री गेल्या. हॉस्पिसमध्ये थोड्या दिवसांसाठी आलेल्या रुग्णाला हे टाळता येत नाही आणि आम्ही त्याबद्दल आधी बोलत नाही, कारण बोललं तर कुणी येणार नाही अशी भीती. पडदा ओढलेला होता, पण पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येतं. काकू जाग्या होत्या.

सकाळी सिस्टर त्यांना दुसऱ्या खोलीत हलवायला निघाल्या. त्या म्हणाल्या, "कशाला? मी काय घाबरले म्हटलं का?" मग मला त्यांनी दोन प्रश्न विचारले. त्या बाईला शेवटी दुखत होतं का? मी सांगितलं, नाही. औषध चालू होतं, श्वास हळूहळू संथ होत थांबला, त्यांची मुलगी हात धरून बसली होती. दुसरा प्रश्न : "माझंपण असंच होईल?" मी म्हटलं, दुखू नये म्हणून जे करता येतं ते सगळं करू, अमुकच होईल असा शब्द मला देता येणार नाही. त्यांना हे उत्तर चाललेलं दिसलं.

मुलाची समजूत होती की आजार हाडात गेल्याचं आईला ठाऊक नाही. त्यांना स्कॅनच्या दिवसापासून ठाऊक होतं. मुलाचा चेहरा बघून कळलं, म्हणाल्या. त्याला कळू नये म्हणून त्या गप्प, त्यांना कळू नये म्हणून तो गप्प. त्या सकाळी त्यांनी मला तीन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. परत सुया-नळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं नाही. नातवाच्या परीक्षेच्या काळात काही झालं तर पेपर बुडवून त्याला बसवायचं नाही. आणि शेवटी तोंडात पाणी सुनेने घालायचं. "पोराचे हात थरथरतात," असं त्यांनी कारण दिलं.

यातलं एकही वाक्य घरी उच्चारलं गेलं नव्हतं. मुलगा रविवारी भेटायला आला तेव्हा मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि कागद काकूंच्या हातात दिला. काय बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. तो बाहेर येऊन बराच वेळ बसच्या चाकाशी उभा होता.

सून परत आली तेव्हा

दहाव्या दिवशी ती आली, चेहरा उजळलेला, झोप झालेली. काकू खाटेवर टेकून बसल्या होत्या, गालावर जरा तकाकी. सुनेने आधी हसून बघितलं आणि मग तिचा चेहरा पडला. बाहेर ओट्यावर येऊन म्हणाली, "ताई, नऊ दिवसांत एवढ्या सुधारल्या. म्हणजे माझं काय चुकत होतं?"

ही बाजू माझ्या ध्यानीमनी नव्हती. आम्ही तर सुधारणेचा आलेख मोठ्या अभिमानाने फाइलला लावला होता. तिला सगळं सांगणं भाग होतं, पाण्याचं पण. ते ऐकून ती आधी रागावली, सासूवर. "मला सांगायचं की. मी काय उठले नसते?" मग म्हणाली, "म्हणूनच नसेल सांगितलं."

घरच्यासाठी जे ठरलं ते साधंच होतं. दहाच्या गोळीला दुप्पट मात्रा, गजर बंद. खाटेवर वापरता येईल असं भांडं आणि उशाशी भरलेला तांब्या. तांब्या रात्रीतून रिकामा व्हायलाच पाहिजे अशी सुनेने अट घातली. साप्ताहिक सुटीच्या आदल्या रात्री मुलगा आईजवळ झोपणार. काकूंचा याला सक्त विरोध होता, मुलग्याने कसं करायचं म्हणून. तो म्हणाला, बाळपणी तू माझं केलंस ना. तरी पहिले दोन आठवडे त्या रात्री त्या पाणी कमीच प्यायल्या, हे सुनेने तांब्यावरून ओळखलं.

दोन महिन्यांनी त्या परत आल्या, सहा रात्रींसाठी. त्यानंतर महिनाभराने घरीच गेल्या. नातवाची परीक्षा संपलेली होती. पाणी सुनेने घातलं.

त्या दुसऱ्या खेपेच्या अर्जाचं सांगायचं राहिलं. त्या वेळी सून आजारी नव्हती, परगावी नव्हती, आणि रात्रीची झोप मिळत असल्याने तशी थकलेलीही नव्हती. काकूंनी स्वतःच फोन करून विचारलं होतं, "एक मुक्काम मिळेल का?" मी तिन्ही चौकटी रिकाम्या ठेवून बाजूला हाताने लिहिलं : रुग्णाची इच्छा. ऑफिसमधून अर्ज परत आला, संगणकात भरायला तिन्हींतली एक चौकट लागतेच. शेवटी मी 'थकलेली'वर खूण केली. काकू खाटेवरून बघत होत्या.

"कोण थकलंय, ते लिहिलंत का?"

"त्याला जागाच नाही, काकू."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि तांब्या जरा अलीकडे सरकवायला सांगितला.